वाचक विचारतात : विषाणूची कात्री अडवायची कशी?

मागच्या अंकात कोरोनाविषाणूच्या मुख्य प्रोटीएजबद्दल, म्हणजे त्याची प्रथिनं कापून सुटी करणाऱ्या एन्झाइमबद्दल, मी एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं देते आहे. माझं कामाचं आयुष्य प्रथिनांचे स्फटिक वाढवून त्यांची रचना काढण्यात गेलं, आणि त्यातली बरीच प्रथिनं प्रोटीएजच होती. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय. ते मुद्दाम छोटं केलेलं नाही.

कोविडच्या बहुतेक लसी स्पाइक प्रथिनावर बेतलेल्या होत्या. मग कोविडची गोळी करणाऱ्यांनी वेगळंच एन्झाइम का धरलं?
— एक निवृत्त शिक्षक

सर, स्पाइक विषाणूच्या बाहेरच्या अंगाला असतं. प्रतिपिंडांना ते पेशीबाहेरच गाठता येतं, म्हणून लसीला ते सोयीचं. गोळीतला लहान रेणू मात्र पेशीच्या आत शिरू शकतो, आणि विषाणूचा खरा कारभार तिथेच चालतो.

कोरोनाविषाणूच्या आरएनएत सुमारे ३०,००० अक्षरं असतात. पेशीत शिरल्यावर आपलेच रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी पेशीतली यंत्रं, त्यातला पहिला दोन-तृतीयांश भाग वाचतात आणि एक प्रचंड लांब साखळी बनवतात. ही साखळी आहे तशी विषाणूच्या काहीच उपयोगाची नसते. ती ठरावीक जागी कापली गेली की तिच्यातून सोळा वेगवेगळी प्रथिनं सुटी होतात. आरएनएच्या नकला काढणारं पॉलिमरेजही त्यातलंच. कापण्याचं काम करणाऱ्या दोन कात्र्या त्या साखळीतच गुंफलेल्या असतात. एक तीन ठिकाणी कापते. दुसरी, म्हणजे आपलं मुख्य प्रोटीएज, अकरा ठिकाणी. ही दुसरी बंद पाडली की पॉलिमरेज सुटं होत नाही, आणि पुढचं सगळं अडतं.

आणखी दोन गोष्टी आपल्या पथ्यावर पडतात. प्रथिनाची साखळी अमिनो आम्लांच्या मण्यांची असते, आणि हे प्रोटीएज त्यातल्या ग्लुटामाइन या अमिनो आम्लाच्या लगेच पुढे कापतं. आपल्या शरीरातली प्रोटीएजं सहसा तिथे कापत नाहीत, त्यामुळे विषाणूचं एन्झाइम अडवताना आपलं एखादं अडकण्याची भीती कमी. दुसरं म्हणजे ते फारसं बदलत नाही. स्पाइकवर रोगप्रतिकारशक्तीचा सतत दाब असतो, म्हणून ते रूप पालटत राहतं. मुख्य प्रोटीएजमध्ये ३०६ अमिनो आम्लं आहेत, आणि २००३ च्या सार्सचा विषाणू व २०१९ चा विषाणू यांच्यात त्यातली जेमतेम १२ वेगळी आहेत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

औषधाचं ‘डिझाइन’ केलं असं सगळीकडे वाचतो. प्रत्यक्षात बसून करतात काय? रेणू कागदावर काढतात का?
— रसायनशास्त्राचा पदवीधर, सध्या औषधविक्रीत

हो, कागदावर काढतात, आणि खूपदा खोडतात. पण कागदाआधी रचना हाती लागते. एन्झाइम शुद्ध करायचं, त्याचा थेंब योग्य क्षारांच्या द्रावणाशेजारी ठेवायचा आणि वाट पाहायची. जमलं तर सूक्ष्मदर्शकाखाली पातळ पापुद्र्यासारखे स्फटिक दिसू लागतात. केसाएवढ्या फासात त्यातला एक उचलून द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. त्यातून इलेक्ट्रॉन-घनतेचा नकाशा मिळतो, आणि त्या नकाशात साखळी बसवत गेलं की एन्झाइमचा आकार समोर येतो.

शांघायटेक विद्यापीठातल्या झिहे राव आणि हाइताओ यांग यांच्या गटाने या प्रोटीएजची पहिली रचना फेब्रुवारी २०२० च्या सुरुवातीलाच जगासाठी खुली केली. जर्मनीत ल्युबेकला रोल्फ हिल्गेनफेल्ड यांचा गट तर कोरोनाविषाणूंच्या प्रोटीएजवर २००३ च्या आधीपासून काम करत होता.

आता खळग्याकडे येऊ. एन्झाइमच्या कुशीत एक लांबट खळगा आहे. त्याच्या मध्यावर १४५ क्रमांकाचं सिस्टीन आणि ४१ क्रमांकाचं हिस्टिडीन समोरासमोर बसलेली असतात. हिस्टिडीन सिस्टीनच्या गंधकाला आक्रमक बनवतं, आणि तो गंधक साखळीच्या बंधावर घाव घालतो. खळग्यात लहान लहान कप्पे आहेत. ‘एस-वन’ नावाच्या कप्प्यात ग्लुटामाइनची बाजूची शाखा जाते. तळाशी १६३ क्रमांकाचं हिस्टिडीन आणि कडेला १६६ क्रमांकाचं ग्लुटामेट तिला हायड्रोजन-बंधांनी धरतात. शेजारी चरबीसारखे भाग आवडणारा दुसरा कप्पा, त्यापलीकडे आणखी एक.

म्हणजे डिझाइन करणाऱ्याला अशी वस्तू हवी की जी साखळीच्या तुकड्याचं सोंग घेऊन आत बसेल, पण कापली जाणार नाही. फायझरच्या कोविडच्या गोळीतल्या निर्माट्रेल्विर या औषधात हे कसं साधलं ते एकेका कप्प्याने सांगते, कारण हा रेणू मला फार आवडतो.

पहिल्या कप्प्यासाठी खरं ग्लुटामाइन वापरत नाहीत. त्याची शाखा वळवळती असते आणि रेणूच्या दुसऱ्याच टोकाशी जाऊन भिडते. म्हणून त्या जागी पाच अणूंचं लॅक्टम कडं बसवतात. हायड्रोजन-बंध तेच, पण शाखा आता जागच्या जागी जखडलेली. ही युक्ती कोविडच्या कितीतरी आधीची आहे. साध्या सर्दीच्या ऱ्हायनोविषाणूच्या प्रोटीएजसाठी १९९० च्या दशकात रुपिंट्रिविर नावाचा रेणू घडवला गेला, त्यात हेच कडं होतं. सर्दीवर ते औषध बाजारात आलं नाही. कडं मात्र टिकलं.

दुसऱ्या कप्प्यासाठी आधी ल्युसीन हे अमिनो आम्ल होतं. तिथे दोन मिथाइल गट असलेलं, दोन कड्यांचं प्रोलीनसारखं खोड आणलं. हा तुकडा हेपॅटायटिस-सीच्या बोसेप्रेविर या औषधात आधीच वापरलेला होता. या बदलाने एन्झाइमशी असलेला एक हायड्रोजन-बंध गेला. कागदावर पाहणाऱ्याला हा तोटाच वाटेल. पण त्याबरोबर रेणूतला एक नायट्रोजन-हायड्रोजन जोडही गेला. असे जोड जितके जास्त, तितका रेणू पाण्याला धरून बसतो आणि आतड्याच्या पेशींच्या आवरणातून पलीकडे जायला नाखूष असतो. एन्झाइमशी थोडी पकड सोडून तोंडाने घेता येणारी गोळी मिळवली. औषध-रसायनात असा सौदा करता येणं, मला वाटतं, हेच खरं कसब. तिसऱ्या टोकाला ट्रायफ्लुओरोअॅसिटामाइड नावाचा गट लावला, तेही मुख्यतः याच कारणासाठी.

राहिलं शेवटचं टोक, ज्याला आम्ही वॉरहेड म्हणतो. गंधकाने जिथे घाव घालायचा तिथे नायट्राइल बसवलं, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन तिहेरी बंधाने जोडलेले. गंधक त्या कार्बनला चिकटतो आणि सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारा, बंध तयार होतो. हा बंध उलट फिरू शकतो, म्हणून रेणू भलत्याच प्रथिनाला भेटला तरी कायमचा अडकून बसत नाही. याच टोकाला नायट्राइलऐवजी कीटोन हा दुसरा गटही तितकाच जोरकस ठरला होता. निवड झाली नायट्राइलची, कारण ते बनवायला सोपं, विरघळायला बरं, आणि साठवणीत शेजारच्या कार्बनची दिशा उलटण्याचा धोका कमी.

नकाशात हा बंध कसा दिसतो तेही सांगते. नुसता शेजारी बसलेला रेणू असेल तर गंधक आणि रेणू यांच्यामध्ये घनतेत फट असते. बंध झाला असेल तर गंधकापासून कार्बनपर्यंत घनता सलग जाते, मध्ये तुटत नाही. आपल्या हातच्या स्फटिकात ती सलग पट्टी पहिल्यांदा दिसते तेव्हा खुर्चीवरून उठावंसं वाटतं.

हा रेणू जुलै २०२० मध्ये पहिल्यांदा प्रयोगशाळेत तयार झाला आणि २२ डिसेंबर २०२१ ला अमेरिकेत त्याला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. दीड वर्षसुद्धा नाही. लोक याला चमत्कार म्हणतात. मी म्हणत नाही, कारण फायझरकडे २००३ च्या सार्ससाठी घडवलेला याच घराण्यातला एक रेणू तयार होता. सार्स ओसरला आणि ते काम थांबलं. २०२० मध्ये तो बाहेर काढला तेव्हा नव्या विषाणूच्या प्रोटीएजवरही तो चालला. वर सांगितलेल्या १२ च्या आकड्याचं महत्त्व इथे कळतं. पण तो पोटातून नीट शोषला जात नव्हता, शिरेतूनच द्यावा लागणार होता. पुढचे महिने त्याला गोळीत उतरवण्यात गेले.

एका शोधनिबंधात वाचलं की वनस्पतीतला एक फ्लेवोनॉइड संगणकावर या प्रोटीएजला औषधापेक्षाही घट्ट चिकटतो. मग तो सरळ का देत नाहीत?
— गृहिणी, विज्ञानाची आवड

२०२० नंतर असे निबंध महापुरासारखे आले, आणि ते वाचून तुमच्यासारख्या चौकस माणसाची आशा वाढली तर दोष तुमचा नाही. संगणकावरचं ‘डॉकिंग’ म्हणजे रेणू खळग्यात हजार प्रकारे ठेवून पाहणं आणि प्रत्येक ठेवणीला गुण देणं. हे गुण अंदाजी असतात. खळग्यातलं पाणी बाजूला सारायला किती ऊर्जा लागते, एन्झाइम स्वतः कसं लवतं, हे त्यात धड धरलं जात नाही. कुठून शोध सुरू करावा हे ठरवायला डॉकिंग उत्तम. ‘चिकटतो’ हे सिद्ध करायला ते पुरेसं नाही.

आणि परीक्षानळीसुद्धा फसवू शकते. या प्रोटीएजची चाचणी अशी असते: एक छोटी पेप्टाइड साखळी घेतात, ती कापली गेली की द्रावण चमकू लागतं. चमक वाढली नाही तर एन्झाइम अडलं असं समजायचं. शांघायच्या त्याच गटाने जवळपास १०,००० संयुगं अशी तपासली. त्यातून एब्सेलेन, डायसल्फिराम, कार्मोफर अशी काही वर आली. पुढे अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाने तीच संयुगं घेऊन द्रावणात डीटीटी नावाचं क्षपणकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारं रसायन, मिसळलं. पेशीच्या आतलं वातावरण साधारण असंच क्षपणकारक असतं. डीटीटी घातल्यावर एन्झाइम पुन्हा कापू लागलं. म्हणजे ही संयुगं खळग्यात नेमकी बसत नव्हती, तर समोर येईल त्या सिस्टीनच्या गंधकाशी रासायनिक झोंबाझोंबी करत होती. अशी वस्तू शरीरात शेकडो ठिकाणी अडखळेल.

त्यामुळे पुढच्या वेळी असा निबंध दिसला तर त्यात चारच गोष्टी शोधा. खऱ्या एन्झाइमवर तपासलं का? क्षपणकारक घालून तपासलं का? विषाणू असलेल्या पेशींत तपासलं का? आणि तोंडाने दिल्यावर तो रेणू रक्तात किती वेळ राहतो? पुष्कळ निबंध पहिल्याच प्रश्नापाशी संपतात. वनस्पतीतून औषधं आली आहेत, पुढेही येतील, पण त्यांनाही हीच वाट चालावी लागते.

एचआयव्हीचं औषधही प्रोटीएजच अडवतं. ते कोविडवर का चाललं नाही?
— वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ

दोन्ही एन्झाइमं प्रथिनं कापतात, साम्य एवढंच. एचआयव्हीचं प्रोटीएज दोन अॅस्पार्टिक आम्लांच्या मदतीने पाण्याचा रेणू वापरून कापतं, कोरोनाचं सिस्टीनच्या गंधकाने. खळग्यांचे आकारही वेगळे. लोपिनाविर आणि रिटोनाविर ही एचआयव्हीवरची जोडी हाताशी होती आणि लोक मरत होते, म्हणून ती वापरून पाहणं समजण्यासारखं होतं. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ या कोविड-औषधांच्या मोठ्या चाचणीने २०२० मध्येच निर्णय दिला: रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी २८ दिवसांत ती जोडी घेणाऱ्यांत २३ टक्के दगावले, न घेणाऱ्यांत २२ टक्के. फायदा नव्हता. अशी स्पष्ट ‘नाही’ लवकर मिळणं हेही रुग्णांच्या भल्याचंच होतं.

वडिलांना कोविडची गोळी दिली तेव्हा डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी काही दिवस थांबवायला सांगितली. का? आणि पाकिटात दोन वेगळ्या गोळ्या का होत्या?
— एक मुलगा

पाकिटातली दुसरी गोळी रिटोनाविर. हो, वरच्या प्रश्नातलंच. इथे ते विषाणूसाठी नसतं. यकृतात आणि आतड्यात ‘सिप-थ्री-ए-फोर’ नावाचं एन्झाइम असतं, ते निर्माट्रेल्विर झपाट्याने मोडून टाकतं. रिटोनाविर त्याला अडवतं, म्हणून निर्माट्रेल्विर रक्तात पुरेसं टिकतं. नेहमीचा डोस ३०० मिलिग्रॅम निर्माट्रेल्विर आणि १०० मिलिग्रॅम रिटोनाविर, दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल तर तो कमी करतात.

अडचण अशी की तेच एन्झाइम इतर कितीतरी औषधंही मोडतं. सिम्वास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन ही त्यातली दोन. ती मोडली गेली नाहीत तर रक्तात साचतात आणि स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. काही दिवस कोलेस्टेरॉलची गोळी न घेतल्याने सहसा नुकसान होत नाही, म्हणून ती थांबवणं हा सोपा उपाय. पण प्रत्यारोपणानंतर घ्यायचं टॅक्रोलिमस, रक्त पातळ ठेवणारी आणि हृदयाचे ठोके नियमित ठेवणारी काही औषधं यांच्या बाबतीत प्रकरण इतकं सोपं नाही. उलट क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनसारखं औषध हे एन्झाइम वाढवतं, मग कोविडची गोळीच निष्प्रभ होते. म्हणून डॉक्टरांना प्रत्येक औषधाचं नाव सांगा, दुकानातून स्वतः आणलेल्या औषधांचंसुद्धा. शेवटची गोळी घेतल्यावरही रिटोनाविरचा परिणाम काही दिवस उरतो, त्यामुळे थांबवलेली गोळी पुन्हा कधी सुरू करायची हेही त्यांनाच विचारा.

तुम्ही पत्रात असंही विचारलं आहे की ‘सगळ्यांनाच का देत नाहीत’. लस न घेतलेल्या आणि जास्त धोका असलेल्या लोकांच्या चाचणीत, लक्षणं दिसल्यापासून तीन दिवसांत गोळी सुरू केली तेव्हा रुग्णालयात दाखल होणं किंवा मृत्यू यांचं प्रमाण सुमारे ८९ टक्क्यांनी घटलं. नंतरच्या दुसऱ्या चाचणीत लस घेतलेल्यांचा आणि कमी धोका असलेल्यांचा समावेश होता. तिथे लक्षणं लवकर ओसरण्यात ठळक फरक दिसला नाही. वयस्कर, मधुमेही, रोगप्रतिकारशक्ती दुबळी असलेली माणसं यांच्यासाठी ती मोलाची आहे, आणि लवकर घेतली तरच.

विषाणू या गोळीलाही दाद देईनासा होईल का? आणि पुढचा कोरोनाविषाणू आला तर पुन्हा शून्यापासून सुरुवात? शिवाय, मी बारावीत आहे, ही रचना मला घरी पाहता येईल का?
— एक विद्यार्थिनी

तुझ्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही चांगले आहेत.

दाद न देणं शक्य आहे. प्रयोगशाळेत १६६ क्रमांकाच्या ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन आलं की निर्माट्रेल्विरची पकड खूप ढिली होते. लॅक्टमच्या कड्याला धरणारं तेच हे ग्लुटामेट. पण विषाणूलाही त्याची किंमत मोजावी लागते. हे प्रोटीएज जोडीने काम करतं: एका प्रतीच्या साखळीचं सुरुवातीचं टोक दुसऱ्या प्रतीच्या १६६ ला जाऊन टेकतं आणि पहिला कप्पा आकारात ठेवतं. ग्लुटामेट गेलं की औषधही सुटतं आणि हा आधारही डळमळतो, म्हणून असा विषाणू अशक्त असतो. काही वेळा ५० क्रमांकावर दुसरा बदल होऊन तो थोडा सावरतो. म्हणून वेगळ्या घडणीची औषधंही हवीत. जपानच्या शिओनोगीचं एन्सिट्रेल्विर गंधकाशी बंध न करताच खळग्यात बसतं, दिवसातून एकदा घेतात आणि त्याला रिटोनाविर लागत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये जपानने त्याला आपत्कालीन मंजुरी दिली. तेही ‘सिप-थ्री-ए’ला अडवतं, तेव्हा इतर औषधांची काळजी तिथेही घ्यावीच लागते.

शून्यापासून सुरुवात करावी लागू नये, असं मला मनापासून वाटतं. माणसाला होणाऱ्या इतर कोरोनाविषाणूंच्या मुख्य प्रोटीएजलाही निर्माट्रेल्विर परीक्षानळीत अडवतं. म्हणजे सबंध घराण्यावर चालेल असं औषध साथीच्या आधीच माणसांत सुरक्षित आहे की नाही हे तपासून ठेवता येतं. सार्सनंतर ते झालं नाही. रेणू होता, पोटातून शोषला न जाण्याची अडचण सोडवायला वेळही होता, पण रुग्ण उरले नव्हते आणि पैसे देणारं कोणी नव्हतं. या गोष्टीचा मला आजही राग येतो. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘कोविड मूनशॉट’ने वेगळा रस्ता दाखवला. ब्रिटनच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, १,२५० हून अधिक लहान तुकडे या प्रोटीएजच्या स्फटिकांत मुरवून पाहिले गेले आणि ७१ तुकडे मुख्य खळग्यात बसलेले सापडले. ते सगळे खुले केले आणि जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांना विचारलं, यांना जोडून काय बनवाल? १८,००० हून जास्त रचना आल्या, २,४०० च्या वर संयुगं प्रत्यक्ष तयार झाली. पेटंट न घेता सगळी माहिती खुली ठेवली.

तुझा तिसरा प्रश्न सोपा. प्रथिनांच्या रचना खुल्या ठेवणाऱ्या प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर जा, शोधात ‘६एलयू७’ टाक. अंक आणि अक्षरं रोमन लिपीत. ही शांघायच्या गटाची पहिली रचना. ती ब्राउझरमध्येच फिरवता येते, पैसे लागत नाहीत. आधी १४५ आणि ४१ शोध. मग १६३ आणि १६६ उठून दिसतील असा रंग दे. मग जोडीतली दुसरी प्रत दाखवायला सांग आणि तिचं पहिलं अमिनो आम्ल, सेरीन, कुठवर पोचतं ते पाहा. त्यानंतर ‘७व्हीएच८’ उघड, त्यात निर्माट्रेल्विर बसलेलं आहे. १४५ च्या गंधकापासून रेणूच्या सर्वांत जवळच्या कार्बनपर्यंतचं अंतर मोज. ते दोन अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) आत आलं तर बंध झालेला आहे. नुसते शेजारी असते तर अंतर तीनच्या वर राहिलं असतं. लॅक्टमचा ऑक्सिजन आणि १६३ यांच्यातलं अंतरही मोज. हे दोन्ही आकडे मला लिहून पाठव, पुढच्या अंकात तिथूनच सुरुवात करू.